एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटिंग ठेवा, गुपित नको

वेब सेवा चालवणाऱ्या कुठल्याही टीमला विचारा, डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवला आहे? 'एन्व्हमध्ये' हे उत्तर इतक्या सहज येते की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. कोडमध्ये एक ओळ असते, ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचते. होस्टिंगच्या डॅशबोर्डवर नाव आणि व्हॅल्यू भरायला दोन चौकोन असतात. नोकरीच्या मुलाखतीतही हेच उत्तर बरोबर धरले जाते. पासवर्ड कोडमध्ये लिहू नये, हा या समजुतीचा पहिला भाग निर्विवाद आहे. 'म्हणून तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवावा' हा दुसरा भाग मात्र पहिल्यातून आपोआप निघत नाही. तो वेगळा सिद्ध करावा लागतो, आणि माझ्या मते तो सिद्ध होत नाही.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. २०११ साली हेरोकू या होस्टिंग कंपनीतल्या अ‍ॅडम विगिन्स यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप' नावाने बारा सूत्रे लिहून काढली. वेब सेवा कशी बांधावी याबद्दल आज जे सर्वमान्य वाटते, त्यातले बरेचसे त्या छोट्या दस्तऐवजातून आले आहे. तिसरे सूत्र सांगते की कॉन्फिगरेशन एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. त्यामागची कारणे सरळ आहेत. कोड सगळीकडे एकच असतो, पण टेस्टिंगचा सर्व्हर आणि प्रॉडक्शनचा सर्व्हर यांची सेटिंग्ज वेगळी असतात. ती कोडपासून तोडलीच पाहिजेत. कॉन्फिगची फाइल चुकून गिटमध्ये जाते, व्हेरिएबल तसे जात नाही. प्रत्येक भाषेची, प्रत्येक फ्रेमवर्कची कॉन्फिग फाइल निराळी, पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रूबीला, पायथनला, जावाला सारखेच वाचता येते. आणि कसोटी म्हणून विगिन्स एक प्रश्न देतात: तुमचा कोड या क्षणी जगासमोर खुला केला, तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का?

त्या काळात हे औषध खरोखरच हवे होते. वर्डप्रेसची कॉन्फिग फाइल, रेल्सची डेटाबेसची फाइल, जँगोची सेटिंग्जची फाइल पासवर्डसकट रेपॉझिटरीत पडलेली असायची. शिवाय हेरोकूच्या डायनोवर, म्हणजे सेवा ज्यात चालते त्या कंटेनरवर, फाइल सिस्टिम टिकत नसे. सेवा पुन्हा सुरू झाली की लिहिलेले पुसले जाई. तिथे बाहेरून काही आत द्यायचे तर एन्व्हायर्नमेंट हाच सोयीचा रस्ता होता. एका विशिष्ट प्लॅटफॉर्मवर सोयीची असलेली गोष्ट मग सगळ्यांसाठी नियम झाली.

या सूत्रातला दोष त्याच्या उदाहरणांतच दिसतो. कॉन्फिग म्हणजे काय हे सांगताना त्यात तीन प्रकार एकत्र घेतले आहेत: डेटाबेससारख्या सेवांचे पत्ते, अ‍ॅमेझॉन एस-थ्री किंवा ट्विटरसारख्या बाहेरच्या सेवांच्या चाव्या, आणि सर्व्हरचे होस्टनेम. होस्टनेम जगाला कळले तर काहीच बिघडत नाही. एस-थ्रीची चावी कळली तर सगळेच बिघडते. 'डिप्लॉयनुसार बदलते' एवढ्या एका गुणावर या तिघांना एका पिशवीत घातले गेले. पण एखादी गोष्ट कुठे ठेवायची हे ती किती वेळा बदलते यावर ठरत नाही. ती कुणी वाचायची आणि कुणी नाही, यावर ठरते.

तेव्हा एन्व्हायर्नमेंट मुळात कशासाठी आहे ते पाहू. आज आपण वापरतो ते रूप १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतून आले. नवा प्रोग्रॅम सुरू करताना कर्नलला तीन गोष्टी दिल्या जातात: प्रोग्रॅमची फाइल, आर्ग्युमेंट्स, आणि 'नाव=व्हॅल्यू' अशा स्ट्रिंग्जची एक यादी. लिनक्समध्ये कर्नल ही यादी नव्या प्रोसेसच्या मेमरीत, स्टॅकच्या वरच्या टोकाला, जशीच्या तशी उतरवतो. बस, एवढेच. या यादीतल्या कुठल्याही नोंदीला मालक नाही, परवानग्या नाहीत, टाइप नाही, मुदत नाही, आणि ती कुणी कधी वाचली याची नोंदही नाही. साध्या फाइलला निदान मालक आणि परवानग्या तरी असतात. उलट एन्व्हायर्नमेंटचा जो खास गुण आहे तो असा की एका प्रोसेसने दुसरी सुरू केली, की मुद्दाम अडवले नाही तर सगळी यादी तिच्याकडे जाते. होम डिरेक्टरी कोणती, टर्मिनल कोणत्या प्रकारचे, प्रोग्रॅम कुठे शोधायचे, ही माहिती शेलकडून एडिटरकडे आणि एडिटरकडून त्याने चालवलेल्या कमांडकडे पोहोचावी, म्हणून ती सोय केलेली आहे. पसरणे हे तिचे कामच आहे. गुपिताला लागते ते नेमके याच्या विरुद्ध.

हे प्रत्यक्ष पाहायला दोन मिनिटे लागतात. एखाद्या लिनक्स सर्व्हरवर चालू असलेल्या सेवेचा प्रोसेस क्रमांक काढा, आणि '/प्रॉक' खालच्या त्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतली 'एन्व्हायरन' ही फाइल 'कॅट' करा. सगळ्या स्ट्रिंग्ज एकमेकींना चिकटून येतात, कारण त्यांच्या मध्ये शून्य बाइट असतो. 'टीआर'ने तिथे नवी ओळ घातली की यादी नीट वाचता येते. आधी पाथ, होम, भाषा. मग पोर्ट. आणि मग डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची चावी, ईमेल पाठवणाऱ्या सेवेचे टोकन, एकाखाली एक, उघड्या अक्षरांत. यावर जाणकार प्रतिवादी म्हणेल की ती फाइल फक्त त्याच यूजरला किंवा रूटला वाचता येते. बरोबर आहे. पण त्याच यूजरच्या नावाने काय काय चालते ते पाहा: सेवा स्वतः, तिने ओढून आणलेल्या शेकडो लायब्रऱ्या, इमेज लहान करायला किंवा पीडीएफ काढायला तिने चालवलेले बाहेरचे प्रोग्रॅम. शिवाय सेवेत 'कुठलीही फाइल वाचून दाखव' अशा जातीचे एखादे भगदाड असेल, तर हल्लेखोराला तुमची डिरेक्टरी कशी मांडली आहे हे शोधावे लागत नाही. '/प्रॉक/सेल्फ/एन्व्हायरन' हा पत्ता प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर तोच असतो.

यात एक बारकावा आहे जो अनुभवी लोकांच्याही ध्यानात राहत नाही. पासवर्ड वाचून झाल्यावर कोडमधून ते व्हेरिएबल काढून टाकले, म्हणजे प्रश्न मिटला असे समजले जाते. काढल्याने मुलांकडे, म्हणजे या प्रोसेसने पुढे सुरू केलेल्या प्रोसेसेसकडे, ते जात नाही, एवढा फायदा खराच. पण '/प्रॉक' मधली ती फाइल प्रोसेस सुरू झाली तेव्हाची मूळ यादी दाखवते. नंतर प्रोग्रॅमने केलेले बदल तिच्यात उमटत नाहीत. तुमच्या भाषेच्या दृष्टीने व्हेरिएबल गेलेले असते, मेमरीतली मूळ स्ट्रिंग मात्र तिथेच असते.

प्रतिवादाचा दुसरा सूर असा की हल्लेखोर इतका आत आला म्हणजे तसाही सगळा खेळ संपलेला असतो. हा युक्तिवाद ऐकायला ठाम वाटतो, पण तो एक गोष्ट गृहीत धरतो: गुपित फुटते ते कुणी तरी आत घुसल्यामुळेच. प्रत्यक्षात ते फार वेळा आपल्याच साधनांतून बाहेर जाते. पीएचपीचे 'पीएचपीइन्फो' हे पान एन्व्हायर्नमेंट छापते. सेवा कोसळल्यावर अहवाल पाठवणारी साधने संदर्भ म्हणून अवतीभवतीची माहिती गोळा करतात. 'डॉकर इन्स्पेक्ट'च्या आउटपुटमध्ये कंटेनरची सगळी व्हेरिएबल्स असतात, आणि अडचण सोडवायला मदत मागताना तेच आउटपुट चॅटवर किंवा तिकिटात चिकटवले जाते. तसे करणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याच्या लेखी ती सेटिंग्जची यादी असते, आणि सेटिंग्ज दाखवल्याशिवाय अडचण सुटत नाही. सेटिंग आणि गुपित एकाच यादीत ठेवल्यावर एक दाखवताना दुसरे झाकायचे कसे?

नावावरून झाकायचे, असे एक उत्तर फ्रेमवर्क देतात. जँगोच्या डीबग पानावर सेटिंग्ज दिसतात, पण नावात 'पास', 'सीक्रेट', 'टोकन', 'की' यांसारखा शब्द असेल तर व्हॅल्यूच्या जागी तारे येतात. चांगली सोय आहे. पण हेरोकूच्याच परंपरेतले सगळ्यात लोकप्रिय नाव घ्या: 'डेटाबेस_यूआरएल'. यात यूजर, पासवर्ड, होस्ट, पोर्ट सगळे एका ओळीत असते, आणि नावात वरीलपैकी एकही शब्द नाही. सेटिंग्जमध्ये ते त्याच नावाने उतरवले असेल तर चाळणीतून ते सरळ निसटते.

आता कुणी म्हणेल, प्रॉडक्शनमध्ये डीबग चालू ठेवतोच कोण? ते बंद करायचे बटणही बहुतेक ठिकाणी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच असते. डॅशबोर्डवर 'डीबग'समोर 'फॉल्स' असे लिहिले जाते. पायथनचा कोड ते वाचतो आणि त्याला मिळते पाच अक्षरांची स्ट्रिंग. पायथनमध्ये रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग खरी मानली जाते. म्हणजे 'फॉल्स' लिहूनही डीबग चालू राहतो. जावास्क्रिप्टमध्येही हेच होते. एन्व्हायर्नमेंटला टाइप नसतो, या निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीतून डीबग पान सगळ्यांना खुले होते आणि त्या पानावर पासवर्ड असलेली यूआरएल छापली जाते. दोन्ही दोष एकाच मुळातून आले आहेत.

भारतात सेवा चालवणाऱ्यांसाठी याला आणखी एक बाजू आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. ते योग्यच आहे. पण सेवा सुरू होताना तपासणीसाठी म्हणून सगळे एन्व्हायर्नमेंट लॉगमध्ये छापायची सवय एखाद्या टीमला असेल, तर तिची गुपितेही १८० दिवस लॉगमध्ये राहतात, आणि लॉग पाहण्याची मुभा पासवर्ड पाहण्याच्या मुभेपेक्षा सहसा जास्त लोकांना असते.

आत घुसून केलेल्या चोऱ्यांकडे वळू. तिथे 'गुपित एन्व्हमध्ये' हे तत्त्व आणखी उघडे पडते. कोडकव्ह ही कंपनी टेस्टनी किती कोड तपासला हे मोजून देते. तिची एक बॅश स्क्रिप्ट हजारो कंपन्यांच्या बिल्ड सर्व्हरवर चालत असे. ३१ जानेवारी २०२१ रोजी त्या स्क्रिप्टमध्ये कुणी तरी एक ओळ घुसवली. ती ओळ गिटचा पत्ता आणि 'एन्व्ह' या कमांडचे आउटपुट 'कर्ल'ने बाहेरच्या एका सर्व्हरला पाठवत होती. १ एप्रिलला एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा चेकसम प्रसिद्ध केलेल्या चेकसमशी ताडून पाहिला, तो जुळला नाही, तेव्हा प्रकार उघड झाला. दोन महिने गेले होते. फटका बसलेल्यांत हॅशिकॉर्पही होती. आपण प्रसिद्ध करत असलेल्या सॉफ्टवेअरवर सही करायची तिची चावी उघडी पडली आणि ती बदलावी लागली. गुपिते सांभाळणारे व्हॉल्ट हे साधन बनवणारी ही कंपनी, हे विशेष.

या प्रसंगात मला ती एक ओळच सर्वांत बोलकी वाटते. हल्लेखोराला कोणत्या कंपनीत कोणते व्हेरिएबल आहे हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. भाषा कोणती, फ्रेमवर्क कोणते, चावीचे नाव काय, काहीही माहीत नसताना तीन अक्षरी कमांडने सगळे एका मुठीत आले. सर्व भाषांना सारखेच वाचता येते, हा ट्वेल्व्ह-फॅक्टरने सांगितलेला गुण चोरालाही तितकाच उपयोगी पडतो.

ते बिल्ड सर्व्हर होते, चालू वेब सेवा नव्हे, असा आक्षेप येईल. मग सेवा ओढून आणते त्या लायब्रऱ्यांची उदाहरणे घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीएमवर 'क्रॉस-एन्व्ह' या लोकप्रिय पॅकेजच्या नावातली रेघ गाळून 'क्रॉसएन्व्ह' नावाचे पॅकेज टाकलेले सापडले. टाइप करताना चुकलेल्याची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स ते बाहेर पाठवत होते. मे २०२२ मध्ये पायथनच्या 'सीटीएक्स' या पॅकेजचे तसेच झाले. त्याच्या निर्मात्याच्या ईमेलच्या डोमेनची मुदत संपली होती. कुणी तरी ते डोमेन विकत घेतले, पासवर्ड बदलून घेतला आणि नवी आवृत्ती चढवली. तिचेही काम तेच, एन्व्हायर्नमेंट गोळा करून पाठवणे. आणि डिसेंबर २०२१ चे लॉगफोरशेल तर सगळ्यांना आठवत असेल. लॉगफोरजे या जावा लायब्ररीला लॉगच्या मजकुरातच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे नाव लिहून त्याची व्हॅल्यू मागवता येत होती. हल्लेखोर ब्राउझरच्या नावाच्या हेडरमध्ये एक ओळ पाठवी. त्या ओळीत त्याच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता असे आणि पत्त्याच्या पोटात अ‍ॅमेझॉनच्या गुप्त चावीच्या व्हेरिएबलचे नाव. लायब्ररी नावाच्या जागी चावी भरी आणि तो पत्ता शोधायला डीएनएसकडे जाई. चावी त्या शोधातूनच बाहेर पडे. सर्व्हरवर कुठलाही कोड चालवता आला नाही तरी भागत असे, कारण ते व्हेरिएबल कोणत्या नावाने असते हे सगळ्या जगाला माहीत होते.

एन्व्हायर्नमेंट ही बाहेरून आत येण्याचीही वाट आहे, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत. वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्रॅम चालवण्याच्या सीजीआय या पद्धतीत ब्राउझरने पाठवलेले हेडर 'एचटीटीपी_' जोडून व्हेरिएबल होतात. २०१४ च्या शेलशॉकमध्ये बॅश त्याच व्हेरिएबलमधला मजकूर कमांड म्हणून चालवून मोकळा होत होता. २०१६ मध्ये 'एचटीटीपॉक्सी' पुढे आले: कुणीही 'प्रॉक्सी' नावाचा हेडर पाठवला की सीजीआय त्याचे 'एचटीटीपी_प्रॉक्सी' करी, आणि बाहेर विनंत्या पाठवणाऱ्या अनेक लायब्रऱ्या त्याच नावाचे व्हेरिएबल पाहून प्रॉक्सी ठरवत. सेवेच्या स्वतःच्या विनंत्या परक्याच्या सर्व्हरमार्फत जाऊ लागत. नाव एकच, लिहिणारे दोघे, आणि कुणी लिहिले ते सांगणारी कसलीही खूण नाही.

कुबरनेटीसवर हाच प्रकार रोजच्या व्यवहारात, कुणाचाही वाईट हेतू नसताना होतो. त्याच नेमस्पेसमध्ये 'रेडिस' नावाची सर्व्हिस असेल, तर नंतर सुरू होणाऱ्या प्रत्येक पॉडमध्ये कुबरनेटीस आपणहून 'रेडिस_पोर्ट' हे व्हेरिएबल घालतो. त्यात पोर्ट क्रमांक नसतो. 'टीसीपी'पासून सुरू होणारा आयपीसह संपूर्ण पत्ता असतो. तुमच्या कोडमध्ये 'रेडिस_पोर्ट नसेल तर ६३७९ धर' असे लिहिले आहे. लॅपटॉपवर चालते. क्लस्टरवर सेवा सुरूच होत नाही, कारण तिला आकड्याच्या जागी पत्ता मिळतो. 'इनेबल-सर्व्हिस-लिंक्स' बंद केल्याशिवाय हे थांबत नाही.

निदान वाचायला तरी एन्व्हायर्नमेंट सोपे आहे, हा उरलेला दावाही टिकत नाही. टर्मिनलवर व्हेरिएबल दिसते, सेवेत दिसत नाही, ही तक्रार न ऐकलेला डेव्हलपर सापडणार नाही. एनजिनएक्स आपल्या पालक प्रोसेसकडून आलेली सगळी व्हेरिएबल्स टाकून देतो, फक्त टाइमझोनचे 'टीझेड' ठेवतो. पीएचपी-एफपीएम मुळातच वर्कर प्रोसेसचे एन्व्हायर्नमेंट पुसून टाकतो. सुडो ते नव्याने मांडतो. क्रॉन अगदी मोजकी व्हेरिएबल्स देतो. सिस्टिमडीने सुरू केलेली सेवा तुमची 'बॅशआरसी' वाचत नाही. ही साधने लिहिणाऱ्यांनी उगाच अडवणूक केलेली नाही. वारशाने आलेल्या यादीवर भरवसा ठेवू नये, हे त्यांनी अनुभवातून ठरवले आहे. पण 'गुपित एन्व्हमध्येच' या नियमाला बांधलेला माणूस अशा वेळी काय करतो? तो ते व्हेरिएबल आणखी एका जागी लिहितो. '/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट'मध्ये, मग डॉकरफाइलच्या 'एन्व्ह' ओळीत. ती ओळ इमेजमध्ये कायमची कोरली जाते. ज्याला इमेज मिळाली त्याला ती वाचता येते.

ब्राउझरकडच्या कोडमध्ये तर याचा परिणाम फार वाईट होतो. नेक्स्ट-जेएसमध्ये 'नेक्स्ट_पब्लिक_' आणि वीटमध्ये 'वीट_' हा उपसर्ग असलेली व्हेरिएबल्सच ब्राउझरच्या कोडला मिळतात, आणि ती बिल्ड होतानाच जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये अक्षरशः छापली जातात. व्हेरिएबल मिळत नाही म्हणून अडलेला डेव्हलपर उपसर्ग लावतो, व्हेरिएबल मिळते, काम चालू होते. आणि ती चावी साइट उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये पोहोचते. 'एन्व्हमध्ये ठेवले म्हणजे सुरक्षित' हे मनावर इतके बिंबलेले असते की त्या क्षणी शंकाही येत नाही.

आणि 'फाइल नको, एन्व्हायर्नमेंट हवे' म्हणणारे प्रत्यक्षात काय करतात? डॉट-एन्व्ह नावाची फाइलच करतात, तीही प्रोजेक्टच्या डिरेक्टरीत, पुष्कळदा वेब सर्व्हर जिथून पाने देतो तिथेच. पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ ने ऑगस्ट २०२४ मध्ये एका खंडणीच्या मोहिमेची माहिती दिली. तिचे सगळे भांडवल अशा उघड्या राहिलेल्या डॉट-एन्व्ह फाइल होत्या, आणि तिचा रोख १,१०,००० डोमेनवर होता. ज्या फाइलला टाळण्यासाठी हा नियम निघाला, तीच परवानग्यांचा विचार न करता परत आली.

मग करायचे काय? माझी मांडणी अशी: एन्व्हायर्नमेंटने गुपित कुठे आहे ते सांगावे, गुपित काय आहे ते सांगू नये. डॉकरच्या अधिकृत इमेजमध्ये ही पद्धत केव्हाची आहे. पोस्टग्रेसच्या इमेजला 'पोस्टग्रेस_पासवर्ड' देता येते, तसेच 'पोस्टग्रेस_पासवर्ड_फाइल'ही देता येते. दुसऱ्यात फक्त पत्ता असतो, उदाहरणार्थ '/रन/सीक्रेट्स' खालच्या एखाद्या फाइलचा. २०१७ च्या सुरुवातीला डॉकर १.१३ ने स्वार्ममध्ये सीक्रेट्सची सोय आणली, तेव्हा तिनेही हीच वाट धरली: गुपित मेमरीतल्या फाइल सिस्टिमवर फाइल म्हणून कंटेनरला दिसते. आता यादी लॉगमध्ये छापली, चॅटवर चिकटवली, चोराच्या पॅकेजने उचलली, तरी हाती लागतो एक पत्ता. सेटिंग मात्र एन्व्हायर्नमेंटमध्येच राहू द्या. पोर्ट, लॉगची पातळी, होस्टनेम यांच्यासाठी ती जागा उत्तम आहे, आणि विगिन्स यांचे सूत्र तेवढ्यापुरते मी आनंदाने मान्य करतो.

फाइलचा दुसरा लाभ गुपित बदलताना कळतो. चालत्या प्रोसेसचे एन्व्हायर्नमेंट बाहेरून बदलता येत नाही. आतून बदलावे, तर एक थ्रेड वाचत असताना दुसऱ्याने बदलल्यास प्रोसेस कोसळू शकते. रस्ट भाषेने २०२४ च्या एडिशनमध्ये व्हेरिएबल बदलणारे फंक्शन 'अनसेफ' ठरवले ते याच कारणाने. कुबरनेटीसमध्येही सीक्रेट व्हेरिएबल म्हणून दिले तर पॉड नव्याने सुरू होईपर्यंत जुनेच राहते, आणि व्हॉल्यूम म्हणून जोडले तर फाइल काही वेळात आपोआप बदलते. पासवर्ड बदलणे त्रासाचे असले की तो वर्षानुवर्षे बदलला जात नाही. गुपित फुटल्याचे दोन महिन्यांनी कळले, तेव्हा ते दर आठवड्याला बदलणारे होते की तीन वर्षांपूर्वीचे, यावर नुकसान ठरते.

याच्याही पुढची पायरी म्हणजे दीर्घायुषी गुपितच नसणे. क्लाउडवर सेवेला भूमिका देता येते. मग तिला थोड्या मुदतीची चावी मिळत राहते आणि कुणी पासवर्ड कुठे लिहीतच नाही. इथे प्रतिवादी बोट दाखवेल की अ‍ॅमेझॉनची लॅम्डा सेवा अशी चावी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनच देते. खरे आहे, आणि लॉगफोरशेलसारख्या भगदाडातून तीही चोरीला जाऊ शकते. पण ती थोड्या वेळात निरुपयोगी होते. गुपित एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवायचेच असेल तर त्याचे आयुष्य आधी कमी करा, एवढाच अर्थ मी या उदाहरणातून घेतो.

फाइलही वाचता येतेच की, हा आक्षेप मी टाळणार नाही. ज्याला तुमच्या सेवेच्या नावाने कोड चालवता येतो त्याच्यापासून फाइलही सुरक्षित राहत नाही, आणि २०१९ मध्ये कॅपिटल वनची चोरी झाली ती एन्व्हायर्नमेंटमधून नव्हे, क्लाउडच्या मेटाडेटा सेवेकडून मिळालेल्या चाव्यांनी. कुठलीही एक जागा अभेद्य नाही. पण त्या फाइलसाठी हल्लेखोराला नेमका पत्ता शोधावा लागतो. मुलांना ती वारशाने जात नाही. कोसळल्याच्या अहवालात ती येत नाही. कोणत्या प्रोग्रॅमने ती उघडावी यावर अ‍ॅपआर्मर किंवा एसईलिनक्सला पहारा ठेवता येतो, आणि ती कुणी उघडली याची नोंद ऑडिटला ठेवता येते. एन्व्हायर्नमेंटमधल्या स्ट्रिंगवर यातला एकही पहारा बसवता येत नाही.

प्लॅटफॉर्म दुसरे काही देतच नाही, अशी अडचण काहींची असते आणि ती खरी आहे. तिथे सेवा सुरू होताच व्हेरिएबल एकदा वाचा, यादीतून काढा, आणि बाहेरचा प्रोग्रॅम चालवताना त्याला लागतील तेवढीच व्हेरिएबल्स नावाने द्या, अख्खी यादी देऊ नका. सगळे एन्व्हायर्नमेंट छापणारी ओळ कोडमध्ये कुठेही असेल तर ती आजच काढा.

राहता राहिला तो छोट्या टीमचा मुद्दा: एकच भाड्याचा सर्व्हर, तीन माणसे, व्हॉल्ट कोण चालवणार? कुणीही नको. सिस्टिमडीचे मॅन्युअल स्वतःच सांगते की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल गुपिते देण्यासाठी योग्य नाहीत, कारण युनिटमध्ये लिहिलेली व्हेरिएबल्स त्या मशीनवरच्या साध्या यूजरलाही डी-बसवरून पाहता येतात आणि ती मुलांकडे झिरपत जातात. त्याला पर्याय म्हणून २०२० च्या २४७ व्या आवृत्तीत 'लोड-क्रेडेन्शियल' आले. पासवर्ड रूटच्या मालकीच्या, फक्त रूटला वाचता येणाऱ्या फाइलमध्ये ठेवायचा. युनिट फाइलमध्ये 'लोड-क्रेडेन्शियल' समोर एक नाव आणि त्या फाइलचा पत्ता लिहायचा. सेवा सुरू होताना सिस्टिमडी तो पासवर्ड तिच्यासाठी वेगळ्या डिरेक्टरीत फाइल म्हणून ठेवतो, जमेल तिथे स्वॅपमध्ये न जाणाऱ्या मेमरीत, आणि त्या डिरेक्टरीचा पत्ता 'क्रेडेन्शियल्स_डिरेक्टरी' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये देतो. कोडमध्ये व्हेरिएबल वाचणाऱ्या ओळीच्या जागी त्या पत्त्यावरची फाइल वाचणारी ओळ येते; शेवटचे नवी ओळ दर्शवणारे अक्षर तेवढे छाटायला विसरू नका, नाहीतर पासवर्ड चुकीचा म्हणून डेटाबेस नाकारेल. सेवा थांबली की सिस्टिमडी ती डिरेक्टरी काढून टाकतो. डेबियन ११ आणि उबुंटू २२.०४ या दोन्हींत हे आधीपासून आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही.